एसओपी लिहितेय: पाण्याची ओढ, पानशेत आणि एम-थ्रीचा बॅकलॉग (मदत हवी आहे)

ओढ्याकाठची | १० नोव्हेंबर, रात्री ११:५२

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते. आज गरज पडली म्हणून आयडी घेतला. (हो, स्वार्थी आहे.)

मी सिव्हिलची. २०२४ ला बीई झाले, सध्या बाणेरला एका कन्सल्टन्सीत दिवसभर पावसाळी गटारांची ड्रॉइंग्ज काढते. शहरी पूर या विषयात बाहेर जाऊन मास्टर्स करायचं आहे. अमेरिकेत पाच आणि जर्मनीत दोन ठिकाणी अर्ज करतेय. जीआरई झाली, टोफेल झाली, ट्रान्सक्रिप्ट हातात आहेत. घोडं अडलंय एसओपीवर (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे 'का शिकायचंय' ते सांगणारा प्रवेशाचा निबंध). पहिली डेडलाइन १५ डिसेंबर.

क्लासवाल्यांनी साचा दिला: आधी बालपण, मग कॉलेज, प्रोजेक्ट, नोकरी, 'तुमचंच विद्यापीठ का' आणि शेवटी स्वप्नं. तो भरता भरता १३४० शब्द झाले, मर्यादा १००० ची आहे. सुरुवात अशी आहे (मूळ इंग्रजीत, इथे सारांश):

'लहानपणापासून मला पाण्याची ओढ. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा माझी आजी नारायण पेठेत राहत होती. तिच्या तोंडून त्या पुराच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले आणि तेव्हाच ठरवलं की...'

पुढचं कळलंच असेल.

मला विचारायचंय ते असं. पानशेतची सुरुवात चांगली वाटते का? सेकंड इयरला एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिला होता, त्याबद्दल लिहू की गप्प बसू? आणि आमचा बीईचा प्रोजेक्ट नीट जमला नव्हता, तो एका ओळीत उरकला तर चालेल ना?

---

सदाशिवपेठी | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

पहिलं म्हणजे पानशेत 'फुटलं' एवढं लिहून भागत नाही. पानशेतचं पाणी खाली खडकवासल्यात आलं, ते धरणही गेलं, आणि मग पेठांमध्ये पाणी शिरलं. जलविज्ञानाला निघालेल्या मुलीने हे तरी नीट लिहावं.

दुसरं, 'लहानपणापासून' हा शब्द काढ. लहानपणापासून मला श्रीखंडाची ओढ आहे, म्हणून मला कोणी डेअरी टेक्नॉलॉजीला घेतलं नाही.

---

अर्धा_कप_चहा | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:३४

काका, सकाळी सकाळी! :)

पण मुद्दा बरोबर आहे. २००७ मध्ये ब्रिटनच्या यूकॅसने (तिकडची विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज घेणारी संस्था) पदवीच्या प्रवेश अर्जांमधल्या पर्सनल स्टेटमेंटवर नक्कल पकडायचं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं. त्यात २३४ मुलांनी एकच किस्सा लिहिलेला निघाला: आठव्या वर्षी केमिस्ट्री सेटशी खेळताना पायजम्याला भोक पडलं आणि विज्ञानाची गोडी लागली. २३४ पायजमे! आणखी १७५ जणांचे आजोबा आजारी किंवा थकलेले होते. आजोबा खरे असतीलही, पण वाचणाऱ्याने ते आधी १७४ वेळा वाचलेले असतात.

तुझी आजी खरी आहे यात शंका नाही. पण ती तिथे काय करतेय, हा प्रश्न आहे.

---

माईची_लेक | ११ नोव्हेंबर, दुपारी १:०५

मला तर आजीची सुरुवात आवडली बाई. वाचताना अंगावर काटा आला. माझ्या भाच्याने स्वामी विवेकानंदांच्या वाक्याने सुरुवात केली होती, त्याला टेक्सासला मिळाली ॲडमिशन. तुम्ही लोक उगाच पोरीला घाबरवू नका.

---

प्रा_फुरसत | ११ नोव्हेंबर, रात्री ८:४८

मी मूळचा शनिवार पेठेतला, गेली बारा वर्षं अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये शिकवतो. त्यातली चार वर्षं विभागाच्या प्रवेश समितीत गेली, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

हे अर्ज आम्ही डिसेंबर-जानेवारीत वाचतो. दिवसभर शिकवून झाल्यावर, जेवण उरकल्यावर, एका बैठकीत पंचवीस-तीस. पहिल्या वाचनात एका एसओपीला माझी तीन-चार मिनिटं मिळतात. त्या वेळात मी एकच गोष्ट शोधत असतो: या व्यक्तीला एखाद्या प्रश्नाने कधी छळलंय का, आणि छळल्यावर तिने काय केलं? मार्क मला ट्रान्सक्रिप्टमध्ये दिसतात, नोकरी रेझ्युमेत. तुम्ही विचार कसा करता हे दिसायला कागद हा एकच.

त्यामुळे माईची_लेक यांच्या भाच्याला ॲडमिशन विवेकानंदांमुळे मिळाली नसून विवेकानंद असूनही मिळाली असावी. हलकेच घ्या.

अमेरिकेत दोन वेगळे कागद असतात, त्यांची गल्लत करू नकोस. 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' म्हणजे काय शिकायचंय, का, आणि त्यासाठी आत्तापर्यंत काय केलंय. 'पर्सनल स्टेटमेंट' किंवा 'पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट' म्हणजे तुम्ही कुठून आलात, वाटेत काय अडथळे होते, तुमच्या असण्याने तिथल्या वर्गात काय भर पडेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेसारख्या शाखांत दोन्ही स्वतंत्र मागतात. काही ठिकाणी एकच मागतात आणि नाव काहीही देतात. म्हणून नावावर जाऊ नये, खाली बारीक अक्षरात दिलेला प्रश्न वाचावा. निम्मे अर्जदार तो वाचत नाहीत. ब्रिटनमध्ये मास्टर्सला ज्याला पर्सनल स्टेटमेंट म्हणतात ते बऱ्याचदा आपल्या एसओपीसारखंच असतं.

आता मला एवढंच सांग, प्रोजेक्ट 'जमला नाही' म्हणजे काय झालं? ते नीट, विस्ताराने लिही. मराठीतच लिही.

---

शेवंती | ११ नोव्हेंबर, रात्री १०:२०

मी मानसशास्त्रातली. आमच्याकडे २००६ चा एक अभ्यास प्रसिद्ध आहे: मानसशास्त्राच्या प्रवेश समित्यांच्या प्रमुखांना विचारलं होतं की चांगला अर्ज कशाने बुडतो. आलेल्या उत्तरांत गरजेपेक्षा जास्त खाजगी माहिती होती, 'मला जगाचं भलं करायचंय' छापाचा अतिरेकी परोपकार होता, त्या विभागात काय चालतं याचा पत्ता नसणं होतं, गचाळ लेखन होतं, आणि छाप पाडायला केलेल्या उलट्या पडलेल्या करामती होत्या. भलत्याच माणसांची शिफारसपत्रंही होती.

अभ्यास एका विषयापुरता आहे. पण परोपकाराचं कलम आपल्याकडच्या मुलांनी फ्रिजवर चिकटवावं. 'भारतातल्या लाखो लोकांचे पाणीप्रश्न सोडवायचे आहेत' हे वाक्य तुझ्या मसुद्यात आहे, बरोबर ना?

---

ओढ्याकाठची | १२ नोव्हेंबर, रात्री १२:४१

शेवंतीताई, आहे. शेवटच्या परिच्छेदात. 'कोट्यवधी' लिहिलंय.

सर, प्रोजेक्टचं सांगते. जरा लांब होईल.

आम्ही चौघं होतो. आंबिल ओढ्याचा सहकारनगर-अरण्येश्वरच्या बाजूचा दीड किलोमीटरचा तुकडा घेतला होता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री जो पूर आला तो मॉडेलमध्ये उभा करायचा, असा विषय. मी तेव्हा बारावीत होते, पद्मावतीला राहायचो, रात्रभर गच्चीत होतो. (हे एसओपीत नाही. क्लासवाले म्हणाले पानशेत जास्त 'ऐतिहासिक' वाटतं.)

कॉलेजच्या लॅबमधून लेव्हल आणि स्टाफ (उंची मोजायचं यंत्र आणि पट्टी) घेऊन ओढ्याचे १७ आडवे छेद मोजले. चिखल, डुकरं, 'काय गं, घरं पाडायला आलात का' हे सगळं झालं. मग हेक-रास या पाण्याच्या प्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल बांधलं, खडबडीतपणाचा मॅनिंगचा आकडा पुस्तकातून ०.०३५ घेतला. पूररेषा आली. सरांनी सांगितलं, रिपोर्ट लिहा.

पण मी काठावरच्या दुकानदारांना आणि घरांतल्या लोकांना विचारत फिरले होते की पाणी कुठवर आलं होतं. १४ जणांनी भिंतीवर, शटरवर, जिन्याच्या पायरीवर हात लावून दाखवलं. त्या खुणांची लेव्हल काढली. एका मोरीच्या (रस्त्याखालून ओढा जायची वाट, कल्व्हर्ट) खालच्या अंगाला मॉडेल आणि खुणा वीसेक सेंटिमीटरच्या आत जुळत होत्या. वरच्या अंगाला मात्र खुणा मॉडेलपेक्षा जवळजवळ मीटरभर उंच.

मी मॅनिंगचा आकडा वाढवून बघितला, तर वरचं थोडं जुळायला लागलं की खालचं बिघडायचं. शेवटी मोरीचं तोंड निम्मं बुजवून चालवलं, तेव्हा दोन्हीकडे जुळलं. पण मोरी निम्मी तुंबली होती याला पुरावा काय? लोक म्हणत होते, गाद्या, फांद्या, थर्माकोल, एक अख्खी टपरी अडकली होती. पण ते ऐकीव. व्हायव्हाला एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) म्हणाले, 'उत्तर जुळवण्यासाठी आकडे बदललेत', आणि मार्क कापले. म्हणून एका ओळीत उरकलंय: 'आंबिल ओढ्याचे हायड्रॉलिक मॉडेलिंग केले.'

---

प्रा_फुरसत | १२ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

अगं बाई. हा तुझा एसओपी आहे.

पाऊस मोजण्यात किंवा विसर्गाच्या अंदाजात चूक असती तर खाली-वर दोन्हीकडे खुणा चुकल्या असत्या. खाली जुळतंय आणि वरच चुकतंय, म्हणजे गडबड त्या मोरीत. हा युक्तिवाद बीईच्या मुलीने चिखलात उभं राहून केलेला आहे. एक्स्टर्नलनी विचारलं ते चूक नव्हतं, पण उत्तर तुझ्याकडे होतं, ते तुला मांडता आलं नाही. आता मांड.

आणि पुढचा प्रश्न: मोरी किती तुंबेल हे आधी सांगता येतं का? गटारं डिझाइन करताना तुझ्या ऑफिसात मोरी किती तुंबलेली धरतात?

---

ओढ्याकाठची | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:५०

(बसमध्ये आहे.) बहुतेक वेळा पूर्ण मोकळी धरतात सर. मी एकदा विचारलं तर सीनियर हसले.

नंतर शोधलं तेव्हा सापडलं की ऑस्ट्रेलियात १९९८ च्या वोलोंगाँगच्या पुरानंतर यावर बरंच काम झालं आणि त्यांच्या पूर-मार्गदर्शिकेत मोऱ्या-पूल तुंबण्यावर स्वतंत्र भाग आहे. पण तिथे मुख्यतः ओंडके, झाडं, दगड. आपल्याकडे गाद्या आणि प्लास्टिक. ते सारखं वागतं का, मला माहीत नाही.

---

सदाशिवपेठी | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

शेवटची तीन वाक्यं जशीच्या तशी इंग्रजीत लिही. दुरुस्ती करायला जाऊ नकोस.

(हे मी म्हणतोय. नोंद घ्यावी.)

---

कोरडवाहू | १२ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

हे सगळं करण्यापेक्षा गेट परीक्षा द्यावी. चांगला स्कोअर आला की आयआयटीत एमटेक, वर स्टायपेंड. निबंध लिहायची भानगड नाही. बाहेर जाऊन पन्नास लाखांचं कर्ज कशाला? आंबिल ओढा काय अमेरिकेत वाहतो?

---

अर्धा_कप_चहा | १२ नोव्हेंबर, दुपारी १२:५५

@कोरडवाहू, वेगळा धागा काढा, तिथे येतो. तिने विचारलंय एसओपीबद्दल. (मुद्दा चुकीचा नाही, जागा चुकीची आहे.)

---

तळजाई_ते_ट्यूबिंगेन | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४०

जर्मनीबद्दल. मी तिकडे मास्टर्स केलं.

अमेरिकेचा एसओपी छाटून जर्मनीला पाठवू नकोस, तो फसतो. तिकडे 'मोटिवात्सिओन्सश्रायबेन' (हेतुपत्र) मागतात. बहुतेकदा एक-दोन पानं, आणि सूर कोरडा. ओढ्यातल्या चिखलाची गोष्ट तिथे दोन वाक्यांत. त्यांना पाहायचं असतं की तुझे बीईचे विषय त्यांच्या अभ्यासक्रमाशी जुळतात का. म्हणून त्यांचं मॉड्यूल हँडबुक उघड (वेबसाइटवर पीडीएफ असते, कंटाळवाणी, पण वाच) आणि मॉड्यूलच्या नावानिशी लिही: हे मी इथवर केलंय, तुमच्याकडच्या अमुक मॉड्यूलमध्ये त्याच्या पुढचं आहे. शेवटी दिनांक आणि सही घालायला विसरू नकोस. माझी राहिली होती. मेल आली, धाकधूक झाली, परत पाठवलं.

आणि एपीएसचं (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासणारं जर्मन केंद्र) प्रमाणपत्र काढलंस का? नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते लागतं. नसेल तर एसओपी बाजूला ठेव आणि आज रात्री तो अर्ज भर.

---

ओढ्याकाठची | १२ नोव्हेंबर, रात्री ९:१५

एपीएस झालंय, ऑगस्टमध्येच. हुश्श.

शिफारसपत्रांचं पण विचारायचं होतं. तीन हवीत. एक सर म्हणाले, 'तूच लिहून आण, मी लेटरहेडवर सही करतो.' दुसरेही तेच म्हणाले. सगळ्यांचं असंच होतं म्हणे. मी तिन्ही लिहायला घेतली तर तिन्ही एसओपीसारखीच वाटायला लागलीत.

---

प्रा_फुरसत | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

आम्हाला ते लगेच दिसतं. चार कागद, चार सह्या, आणि 'पॅशनेट', 'डिलिजंट', स्वल्पविरामाच्या आधीची मोकळी जागासुद्धा एकसारखी. त्यानंतर पत्रांचं वजन शून्य होतं. कधी कधी अर्जाचंही.

शिवाय फॉर्ममध्ये एक खूण करायची असते: ही पत्रं बघण्याचा हक्क मी सोडते. तो हक्क अमेरिकेच्या १९७४ च्या कायद्याने दिलेला आहे आणि बहुतेक सगळे तो सोडतात, कारण मग पत्र मोकळेपणाने लिहिलंय असं धरलं जातं. पत्र स्वतः लिहायचं आणि वर ही खूण करायची, हा खोटेपणा आहे. राग येऊ देऊ नकोस.

सरांकडे पत्राचा मसुदा नेऊच नकोस, मुद्द्यांचा एक कागद ने. कुठला विषय त्यांनी शिकवला, प्रोजेक्टच्या वेळी कुठल्या दिवशी काय झालं, तू कुठे चुकलीस आणि पुढे काय केलंस. त्यांना फक्त आठवण करून द्यायची. सोबत रेझ्युमे आणि डेडलाइन. मग म्हणायचं, 'सर, दहाच ओळी लिहा, पण तुमच्या.' तुटक इंग्रजीतलं खरं पत्र मी आनंदाने वाचतो.

---

माईची_लेक | १३ नोव्हेंबर, सकाळी १०:२२

सर, सांगायला सोपं आहे. इकडे एकेका सरांकडे शंभर मुलं येतात. दहा ओळी तरी कुठून लिहिणार?

---

प्रा_फुरसत | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३१

मान्य. म्हणून मुद्द्यांचा कागद. आणि तिसरं पत्र कॉलेजऐवजी ऑफिसातल्या त्या हसलेल्या सीनियरकडून घे. ते रोज तुझं काम बघतात, आणि हसले म्हणजे प्रश्न त्यांच्या लक्षात आहे.

---

ओढ्याकाठची | १६ नोव्हेंबर, रात्री ११:१८

नवीन मसुदा झाला. पण लिहिताना एक मजा झाली. इंग्रजीत बसले की आपोआप 'युअर एस्टीम्ड युनिव्हर्सिटी' येतं. चॅटजीपीटीला दिलं तर त्याने मोरीचं 'टेपेस्ट्री' का काहीतरी करून टाकलं. वाचायला छान होतं, पण मला मीच ओळखू येईना.

मग ताईच्या सांगण्यावरून (खरी ताई, इथली नाही) तिला व्हॉट्सॲपवर अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज केला: 'ऐक, मी काय केलं ते सांगते.' तो ऐकत ऐकत इंग्रजी लिहिलं. वाक्यं आखूड आली. बरं वाटतंय.

आता सुरुवात अशी: 'माझ्या मॉडेलनुसार पुराचं पाणी लाँड्रीच्या शटरच्या खालच्या कडीपर्यंत यायला हवं होतं. लाँड्रीवाल्या काकांनी कडीच्या मीटरभर वर बोट ठेवलं.' मग खाली-वरचा युक्तिवाद, मोरी, एक्स्टर्नल, ऑफिस, आणि मग कचऱ्याने तुंबणाऱ्या मोऱ्यांचा प्रश्न. एकूण १०९० शब्द.

पानशेत पूर्ण काढलं. थोडं वाईट वाटलं.

---

अर्धा_कप_चहा | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

सुरुवात भारी! कोट्यवधी जनता गेली का?

---

ओढ्याकाठची | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

गेली. तिच्या जागी चौदा दुकानदार आले.

---

प्रा_फुरसत | १७ नोव्हेंबर, रात्री ८:०२

व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवलेला मसुदा वाचला. काही टिपणं इथेच लिहितो, पुढच्यांना उपयोगी पडतील.

'तुमचंच विद्यापीठ का' या परिच्छेदात तू रँकिंग आणि 'जागतिक दर्जाच्या सुविधा' लिहिल्या आहेत. आमचं रँकिंग आम्हाला माहीत असतं. पाच विद्यापीठांत हा एक परिच्छेद पूर्ण वेगळा हवा. प्रत्येक ठिकाणी तुझ्या प्रश्नाच्या जवळ काम करणारे एक-दोन प्राध्यापक शोध, त्यांचा एकतरी पेपर खरोखर वाच, आणि त्यातली कुठली गोष्ट तुझ्या मोरीला लागू पडेल किंवा पडणार नाही ते लिही. पाच नावांची यादी करू नकोस. ते प्राध्यापक निवृत्त झालेत का, दुसरीकडे गेलेत का, तेही बघ. दरवर्षी कुणीतरी आमच्या विभागातून सहा वर्षांपूर्वी गेलेल्या बाईंसोबत काम करायचं म्हणून लिहितं. आणि नाव बदलायला विसरून एका विद्यापीठाचं पत्र दुसऱ्याला पाठवणारेही दरवर्षी भेटतात. तो आनंद मला देऊ नकोस.

नुसतं मास्टर्स करायचं की पुढे पीएचडी, हे स्पष्ट कर. 'बघू' असेल तर तसं सभ्य इंग्रजीत म्हणता येतं.

एम-थ्री: तू त्यावर अख्खा परिच्छेद खर्च केलास, कोविड, ऑनलाइन एमसीक्यू, मग पेपर परत हॉलमध्ये, घरातलं आजारपण. सगळं खरं असेल. पण वाचणारा त्या परिच्छेदात अडकतो आणि तुझी मोरी विसरतो. दोन वाक्यं कर: काय झालं, आणि त्यानंतर कुठल्या गणिती विषयात काय मिळवलंस. माफी मागू नकोस. आजारपण लिहायचंच असेल तर जिथे पर्सनल हिस्टरी वेगळी मागितली आहे तिथे.

आणि एक खटकलं. तू चौदा लोकांना पाण्याची खूण विचारत फिरलीस. ते रिपोर्टच्या चौकटीत नव्हतं, बाकीच्या तिघांनी केलं नाही. तुला हे सुचलं कुठून? मसुद्यात त्याचं उत्तर नाही.

---

ओढ्याकाठची | १७ नोव्हेंबर, रात्री ११:४४

हे मी कधी विचारच केला नव्हता सर.

आजीमुळे, बहुतेक. तिने पानशेतचा पूर कधी 'खूप पाणी आलं' असा सांगितलाच नाही. ती सांगते, 'वाड्याच्या जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत. दहावी कोरडी होती, दहावीवर आम्ही डबे ठेवले होते.' आम्ही लहानपणी हसायचो की आजी पूर पायऱ्यांत मोजते. ओढ्यावर गेले तेव्हा मी लोकांना 'किती पाणी होतं' असं विचारलंच नाही. 'कुठल्या पायरीपर्यंत' असं विचारलं. 'किती' विचारलं की सगळे 'बाप रे, खूप' म्हणतात.

---

सदाशिवपेठी | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:५८

झालं. आजीला परत आत घ्या. दारातून नको, मोरीच्या परिच्छेदातून. एकच वाक्य.

---

शेवंती | १८ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

+१. आता तिच्या असण्याला कारण आहे.

---

माईची_लेक | १८ नोव्हेंबर, दुपारी २:१५

मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं आजी ठेवा म्हणून. असो.

---

ओढ्याकाठची | २ डिसेंबर, रात्री १०:३०

अपडेट. ९८७ शब्दांवर आले. एका सरांनी खरंच स्वतः पत्र लिहिलं, मुद्द्यांचा कागद पुढे ठेवून, माझ्यासमोर, दोन बोटांनी टाइप करत, पाऊण तास. दुसरे सर अजूनही 'तूच आण' वर ठाम आहेत, त्यांच्याऐवजी सर्व्हेइंगच्या मॅडमना विचारलं, त्या हो म्हणाल्या. ऑफिसातले सीनियर परत हसले, पण हो म्हणाले.

जर्मनीचं दीड पान झालं. सहीसकट.

एक शंका: डेडलाइन '१५ डिसेंबर, रात्री ११:५९, ईस्टर्न टाइम' आहे. म्हणजे आपली १६ ची सकाळ ना?

---

अर्धा_कप_चहा | २ डिसेंबर, रात्री १०:४१

हो, १६ तारखेला सकाळी १०:२९. पण हे विसरून जा आणि १३ लाच पाठव. शेवटच्या रात्री पोर्टल लोळण घेतं. आणि अपलोड केल्यावर पीडीएफ उघडून बघ, मी एकदा घरभाड्याचा करार जोडला होता.

---

ओढ्याकाठची | १३ डिसेंबर, रात्री ९:०७

पहिले तीन अर्ज गेले. पीडीएफ उघडून बघितल्या, तिन्हीत एसओपीच आहे.

सगळ्यांचे खूप आभार. आज आजीला पूर्ण एसओपी मराठीत करून वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकला. मग विचारलं, 'माझ्याबद्दल किती?' म्हटलं, एक वाक्य. 'आणि त्या नापास झालेल्या गणिताबद्दल?' म्हटलं, दोन.

तेव्हापासून बोलत नाहीये.

---

सदाशिवपेठी | १३ डिसेंबर, रात्री ९:१५

आजींना माझा नमस्कार सांग. आणि विचार, पायरी नववीच ना? आमच्याकडे सातवीपर्यंत होतं.

---

ओढ्याकाठची | १३ डिसेंबर, रात्री ९:३२

विचारलं. म्हणाली, 'त्यांचा जिना उंच असेल.'

(बोलली!)